सुलूताईच्या दातांतली शीळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. याचं कारण धैर्य नव्हे, आळस. घाबरायचं म्हणजे उठा, दिवे लावा, बायकोला जागं करा... एवढं कोण करणार? पण गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मुळगावच्या आमच्या घरात जे झालं ते मात्र पचत नाही.

लहानपणी मी आणि माझी थोरली बहीण सुलूताई, आम्ही दोघांनी एक भाषा काढली होती. शब्द मूठभर, पण उच्चाराचे नियम कडक. सगळं श्वास आत ओढत बोलायचं. त्यातलं एक अक्षर तर ताईच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीतूनच निघायचं — बारीक, आत ओढलेली शीळ. मी करायला गेलो की मांजर शिंकल्यासारखं व्हायचं. मग ताई बोट हवेत गोल फिरवायची — परत म्हण!

ती शीळ आणि तिच्या शेपटीला ‘ळू’, म्हणजे ‘धरलंय, सोड’. हा आमचा माटोळीचा शब्द. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपाऱ्या, रानफळं बांधतात, ती माटोळी. एकाने फळांची पेंड, म्हणजे घोस, धरायची, दुसऱ्याने केवणीच्या सालीच्या दोराने गाठ मारायची. पन्नाशीतही आम्ही तसंच बांधायचो. ताईची शीळ आली की मी हात सोडून दोर घ्यायचो.

ताई गेली. पुढे आईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. वर्षभर एक शब्द नाही. तिच्या तोंडून नुसती हाक ऐकायला आम्ही आसुसलो होतो.

त्या दुपारी मी एकटाच स्टुलावर चढलो. आई नेहमीच्या जागी, बरोबर चौकटीखाली खुर्चीत. तिथून हलायलाच तयार नाही.

“तुमचो स्टूल तुमच्यापरस म्हातारो,” बायको म्हणाली. “आवशीच्या डोक्यार पडा नकात म्हणजे झाला!” आणि सुपाऱ्या आणायला आत गेली.

नारळांची जड पेंड वर धरली आणि लक्षात आलं — दोर खांद्यावर, आणि गाठ मारायला तिसरा हात नाही. एकट्याने माटोळी बांधायची नसते हे जन्मभर माहीत असलेला मी शहाणा! खाली आई...

तेवढ्यात शीळ आली. बारीक, आत ओढलेली. मग ‘ळू’.

सवयीने मी हात सोडले. दोन्ही. खांद्यावरचा दोर काढला.

“अहो...” बायको दारात उभी होती. “ती पेंड कोणी धरल्यान?”

दोर अजून माझ्या हातातच होता. पेंड जिथल्या तिथे, आईच्या डोक्यावर अधांतरी. गाठ कशी मारली देव जाणे. खाली पाहिलं तर आई वर बघत होती, तोंड किंचित उघडं. त्यात एकही दात नाही — कवळी कोनाड्यात, वाटीत.

आमची भाषा तिने वर्षानुवर्षं ऐकली असेल, मान्य. पण ती शीळ, दातांशिवाय?

देठ चौकटीत अडकला असेल म्हणून चवथ झाल्यावर मी मुद्दाम तशीच पेंड टेकवून पाहिली. थेट पायावर पडली. डॉक्टरांना विचारलं, तर ते माझंच बीपी तपासू लागले.

आई त्यानंतर बोललेली नाही. परवा तिला पेज भरवताना मीच ती शीळ घालून पाहिली. मांजर शिंकलं.

आईने पेजेवरची नजर उचलली. डावा हात वर केला, आणि बोट हवेत गोल फिरवलं.

याला काय म्हणायचं ते मला आजही ठाऊक नाही. मी परत म्हटलं.