न बदललेला पासवर्ड

कुपवाडच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी एका जुन्या कॉम्प्युटरची फार निगा राखतात. लेकीच्या कॉलेजच्या दिवसांतल्या त्या डब्यात त्यांनी स्वतः खटपट करून लिनक्स घातलं आणि घराचा राउटर केला. दर रविवारी रंगाच्या ब्रशनं त्याची धूळ काढतात. "गड्या, धुळीनं त्यालाबी धाप लागती," म्हणतात. वायफायचा पासवर्ड दर महिन्याला बदलतात. सख्ख्या भावालाही तो दारातच विचारावा लागतो. रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून, कोणकोण जोडलंय ती यादी वाचत बसतात. मला वाटायचं, चोर शोधतात.

परवा त्यांच्याकडे बसलो असताना माझ्या फोनवर त्यांच्या वायफायचं आणखी एक नाव दिसलं. विचारलं, तर यादीवरची नजर न काढता म्हणाले, "ते पोरीचं हाय. त्याचा पासवर्ड ती गेल्यापास्नं बदलला न्हाई."

मनाजोगं लग्न करण्यावरून बापाशी भांडून ती गेली, ती परत आलीच नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"कवा आलीच, तर सोताच्या घरात तिला पासवर्ड इचारायला लागू नये."

तिच्या वायफायच्या नावाखालची यादी रिकामी होती. त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा उघडून बघितली.