चीफचा तह

सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमध्ये कुणा मराठी घरातून भांडणाचा आवाज आला की चीफ दार वाजवत आणि एकच विचारत, "दमलात का?" नाही म्हटलं की वळून चालू पडत. "मग भांडा अजून. न दमता केलेला तह टिकत नाही."

चीफ म्हणजे गोविंदराव, आमच्या वरच्या मजल्यावरचे. जहाजावरचे चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण हुद्दा काही त्यांना सोडून गेला नाही. माझं नि नवऱ्याचं एसीच्या रिमोटवरून जुंपलं होतं, तेव्हा ते आमच्या मधोमध बसले, माझा चहा प्यायले आणि पोलंडची गोष्ट सांगू लागले. पोलंडचा राजा आणि क्रूस मिरवत लढणारे संन्यासी वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते. शेवटी मेल्नो नावाच्या तळ्याकाठी तह झाला. "तिथं ठरलेली एक सीमा पाचशे वर्षं हलली नाही! प्रेम होतं म्हणून नाही हं, दमले होते म्हणून." रिमोट नवऱ्याकडे गेला आणि पांघरूण माझ्याकडे.

ही गोष्ट त्यांनी ऐकली ती पोलंडच्याच बंदरात. जहाजाचं इंजिन बंद पडलं होतं. कॅप्टन दिनकरराव त्यांचे ऐन तारुण्यातले मित्र. त्यांनी कंपनीला कळवलं, चूक चीफची. चीफ म्हणत, मी सांगत असताना यानंच वेग कमी केला नाही. दुरुस्ती होईपर्यंत दोघंही एकाच म्युझियममध्ये गेले, एकाच गाइडकडून हा तह ऐकला आणि बोलणं टाकून बाहेर पडले! पुढे दोघंही सिंगापुरातच राहिले. कॅप्टन ईस्ट कोस्टला, चीफ इथं, पण बोलणं बंद ते बंदच.

सगळ्या ब्लॉकचे तह घडवणारा माणूस, स्वतःचं घोडं मात्र अडलेलं. मी चिडवायची, "चीफ, तुम्ही जाऊन या की."

"मी? अगं, तह राजाच्या छावणीत झाला. संन्यासी आले होते बोलायला."

"आणि राजा तुम्ही?"

"मग काय दिनू?"

मागे एकदा कळलं, कॅप्टन कायमचे पुण्याला निघालेत. चीफ दोन दिवस कुणाच्या दारावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. काखेत डबा. "चल माझ्याबरोबर. रस्ता चुकेन मी." जगभर हिंडलेला माणूस हा! एमआरटीच्या गाडीत मी डब्याकडे बघितलं, तर म्हणाले, "खंडणी नाही ही. अनारसे आहेत, दिनूला आवडतात."

दार कॅप्टननीच उघडलं. आत खोकीच खोकी. मग कॅप्टन म्हणाले, "माझ्या छावणीत आलास गोंद्या. म्हणजे राजा मी."

"बरं बाबा, तू राजा," चीफ म्हणाले. "आत घेतोस का आता? दमलोय."

खोक्यांवर बसून दोघांनी डबा रिकामा केला. त्या गाइडच्या मिशांना हसले. इंजिनाचा विषय कुणी काढला नाही.

परतताना मी विचारलं, "टिकेल का हो पाचशे वर्षं?"

"एवढं काय करायचंय? आम्ही आहोत तोवर टिकला तरी खूप झालं."

टिकला. दर रविवारी पुण्याहून फोन यायचा आणि चीफ मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "बोला महाराज!" यंदा चीफ गेले. कॅप्टनना कळवायचं काम माझ्यावर आलं. ते हळूच म्हणाले, "शेवटी फार दमला होता का गं गोंद्या?"