मिशिगनच्या हिवाळ्यात आफ्रिकेचा वर्ग

डेट्रॉइटच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मला विचारलं, की इथे कशासाठी आलात. मी म्हटलं, शिकवायला. कोणाला, तर आफ्रिकेतल्या डॉक्टरांना आणि नर्सना. काय, तर संख्याशास्त्र. त्याने पासपोर्टवरून मान वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. भारतातली बाई मिशिगनमध्ये येऊन आफ्रिकेतल्या लोकांना गणित शिकवणार, हे त्याच्या डोक्यात काही केल्या बसेना. खरं सांगायचं तर पुण्याहून निघाल्यापासून माझ्याही डोक्यात ते पुरतं बसलेलं नव्हतं. शेवटी त्याने शिक्का मारला आणि बाहेर फार थंडी आहे, कोटाची बटणं लावून घ्या, एवढंच सांगितलं.

जानेवारी दोन हजार सातची ही गोष्ट. माझा भाचा मंदार मला घ्यायला आला होता. तो मूळचा नागपूरचा, गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि ॲन आर्बरला राहतो. "मावशी, तू यार मे महिन्यात यायचं होतंस," असं म्हणत त्याने माझी बॅग उचलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट पांढरी जमीन होती आणि तिच्यावर काळ्या रेघा ओढल्यासारखी पानं गळालेली झाडं. घरी त्याच्या बायकोने, वैदेहीने, गरम वरणफळं करून ठेवली होती. त्यांची दहा वर्षांची सई मला 'आजी' म्हणाली, पण पुढचं सगळं इंग्रजीत. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा व्यवहार पहिल्या जेवणातच ठरून गेला.

ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. गावात विद्यापीठ आहे की विद्यापीठात गाव, ते कळत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवर हाडांच्या रचनेचं पुस्तक असतं, तर समोरची मुलगी जपानी शब्द पाठ करत असते. एवढ्या थंडीतही सायकली चालवणारे महाभाग आहेत. पहिल्याच सकाळी मी बसथांब्यासमोर घसरून सपशेल बसले. दोन मुलांनी मला इतक्या सराईतपणे उभं केलं, की हे इथलं रोजचंच काम असावं.

वर्ग भरवण्याचं काम डेव्हिड नावाच्या एका उंच, शांत प्राध्यापकाचं होतं. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांमधून बारा जण आले होते. इस्पितळांत जी माहिती गोळा होते तिचा अर्थ कसा लावायचा, संगणकावर ती कशी तपासायची, हे त्यांनी शिकायचं आणि परत जाऊन इतरांना शिकवायचं, असा बेत होता. सगळं सुरळीत झालं तर पुढचा वर्ग आफ्रिकेतच भरणार होता आणि तो हेच लोक चालवणार होते. पुण्यात मी बरीच वर्षं डॉक्टरांना हाच विषय शिकवत होते, तेही तीन माणसांत एक संगणक असताना. म्हणून डेव्हिडने मला बोलावलं होतं.

वर्गातले संगणक नवे कोरे होते. उदाहरणांची आकडेवारी अमेरिकन पुस्तकांतली होती, धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी. एक आकडा हरवलेला नाही, एक चुकलेला नाही. मंडळी अदबीने ऐकत, लिहून घेत आणि 'काही शंका?' म्हटलं की एकसाथ हसून मान हलवत. पहिला आठवडा संपला तेव्हा मला कोण काय समजलं आहे, याचा काहीच अंदाज नव्हता. सगळ्यांत गप्प होती ती चिकोंडी. मलावी देशातल्या ब्लँटायर शहराच्या एका इस्पितळात ती प्रसूतीकडची नर्स होती. तिच्या चिचेवा भाषेत या नावाचा अर्थ प्रेम. तिशीतली, रुंद खांद्यांची बाई. जेवणाच्या सुट्टीत ती बशीतलं अन्न काट्याने इकडून तिकडे करत बसायची.

एकदा मी तिच्याजवळ बसले आणि जेवत का नाहीस, असं विचारलं. तिने सांगितलं, की तिला न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) हवी आहे. इथल्या दुकानात मक्याचं पीठ मिळतं, पण ते पिवळं आणि भरड असतं. तिच्याकडे पांढरं, बारीक पीठ लागतं. भाकरीवाचून जेवल्यासारखं न वाटणारी माणसं माझ्या माहेरी होती, त्यामुळे तिचं दुःख मला लगेच समजलं. वैदेहीने चौकशी केली तेव्हा कळलं, की शेजारच्या इप्सिलांटी गावात आफ्रिकन सामानाचं एक दुकान आहे.

शनिवारी चिकोंडी आणि मी बसने निघालो. गप्पांच्या नादात आमचा थांबा मागे पडला आणि आम्ही भलतीकडेच उतरलो. समोर मोठा रस्ता, बाजूला बर्फाचे ढीग आणि चालणारं माणूस एकही नाही. मग आम्ही दोघी हातात हात घालून, एकमेकींना सावरत उलट चालू लागलो. चालता चालता तिने अगदी सहज सांगितलं, की ती पुढच्या आठवड्यात घरी परत जायचा विचार करते आहे.

मी कारण विचारलं. लहान मुलगी घरी आहे, तिची आठवण येते, हे तर होतंच. पण मुख्य कारण वेगळं होतं. तिच्या वॉर्डात काही बाळं जन्मतात तेव्हा छान असतात आणि मग काही तासांनी गार पडतात. कोणती बाळं, आणि का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिने वर्षभर बाळांच्या तापमानाची नोंद ठेवून ती इथे आणली होती. पण वर्गात तिला कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "प्रोफेसर, बाहेरचे लोक आमच्याकडे येतात, आमची माहिती घेऊन जातात. पुढे केव्हातरी त्यांचा लेख येतो आणि त्यात शेवटी आमचे आभार असतात. आता मी इथे आले तर तुमची माहिती शिकते आहे. इथलं महागडं सॉफ्टवेअर माझ्या इस्पितळात नाही. मी परत जाऊन काय शिकवू?"

सुदैवाने दुकान आलं. दुकानाची मालकीण नायजेरियाची होती. चिकोंडीने पिठाची पिशवी उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि त्या दोघी जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलायला लागल्या. आम्ही सुकी मासळीही घेतली. तिचा वास बसमध्ये पसरला तेव्हा चालकाने आरशातून एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात न्सिमा झाली. मलाही बोलावणं होतं. चिकोंडी म्थिको (लांब दांड्याचा लाकडी डाव) घेऊन भांड्याशी उभी होती आणि त्या खदखदणाऱ्या पिठाशी चांगलीच झटत होती. टांझानियाहून आलेला जोसेफ नावाचा डॉक्टर शेजारी कांदा चिरत होता. नमुना निवडण्याबद्दल मी शुक्रवारी जे शिकवलं ते आपल्याला नीटसं कळलं नाही, असं त्याने तिथे मोकळेपणाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून पाहिलं की सगळ्या भाताचं कळतं.

चिकोंडी पाठमोरीच म्हणाली, "भाताचं असेल. न्सिमाचं नाही." मग ती त्याला समजावून सांगायला लागली. न्सिमा खाली करपलेली असते, मध्ये कच्ची असते, कडेला गुठळ्या असतात. वरची चिमूट घेतली तर फसशील. एक तर आधी नीट घोट, नाहीतर खालून, मधून, कडेवरून, सगळीकडून थोडं थोडं घे. "तू तुझ्या इस्पितळात फक्त दिवसाचे रोगी मोजलेस, तर ती वरची चिमूट झाली," ती म्हणाली. जोसेफने चिरता चिरता हात थांबवला. त्याने तिला आणखी दोन प्रश्न विचारले आणि तिने दोन्हींची उत्तरं दिली. मी मध्ये तोंड घातलं नाही. माझ्या शुक्रवारच्या तासापेक्षा तिचा हा तास सरस झाला होता, आणि आपण शिकवतो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

जेवण हाताने झालं. पांढऱ्या उकडीचा गोळा मोडायचा, अंगठ्याने त्याला खळगा करायचा आणि त्यात मासळीचं न्दिवो (तोंडीलावणं) भरायचं. मी दोनदा मागून घेतलं.

सोमवारी सकाळी मी डेव्हिडकडे गेले. उरलेले आठवडे आपण शिकवणं कमी करू, असं मी त्याला सांगितलं. त्यांनी आपापली आकडेवारी आणली आहे, ती वापरू. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरू. आणि शेवटच्या आठवड्यात वर्ग त्यांनीच घ्यावा. डेव्हिडने शांतपणे ऐकून घेतलं. नेमके त्याच आठवड्यात या प्रकल्पाला मदत देणाऱ्या संस्थेचे लोक पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर वर्ग फसला तर पुढचा वर्ग आफ्रिकेत भरणार नाही आणि नुकसान याच लोकांचं होईल, अशी त्याला भीती होती. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. शेवटी आम्ही ठरवलं, की त्यांनाच विचारायचं.

आम्ही वर्गात विचारलं. मग चिकोंडी उभी राहिली. ती म्हणाली, "इथे पडलो तर उचलायला तुम्ही आहात. तिथे पडलो तर कोण आहे? पडायचंच असेल तर आम्ही इथेच पडून घेतो."

घरी परत जाण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

पुढचे आठवडे फार छान गेले. मोठं वादळ आलं आणि बसेस बंद झाल्या, तेव्हा मंदार सकाळी म्हणाला, "मावशी, सगळे क्लासेस कॅन्सल केलेत, आता आराम कर." त्या दिवशी मी सईकडून बर्फाचा माणूस करायला शिकले. एका रविवारी चिकोंडी आमच्याकडे जेवायला आली. वैदेहीने त्याच दुकानातून आणून ठेवलेल्या पांढऱ्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि झुणका केला. चिकोंडीने भाकरी थापायला घेतली, ती तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. आपणही हेच करतो असं सांगून सईने तिचं सांत्वन केलं.

मदत देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले त्या दिवशी पहिला तास चिकोंडीचा होता. तिने आपल्या वॉर्डातल्या बाळांची वर्षभराची तापमानं पहिल्यांदाच एकत्र करून सगळ्यांना दिली आणि सरासरी काढायला सांगितली. उत्तर आलं आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. त्या सरासरीनुसार तिच्या वॉर्डातली बाळं तापाने कधीच दगावायला हवी होती. तिने पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं. मागच्या रांगेत बसलेले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या शेजारी डेव्हिड अर्धवट उठला. मी त्याच्या बाहीला हात लावला आणि तो बसला.

चिकोंडी पडद्याकडे बघत उभी राहिली. मग वर्गाकडे वळून तिने शांतपणे सांगितलं, की हे उत्तर खोटं आहे, आणि ते का खोटं आहे हे आता आपण सगळे मिळून शोधू. तिने आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगितले. एका बाळाचं तापमान छत्तीस होतं, तर एकाचं सत्त्याण्णव. सत्त्याण्णव तापमानाचं बाळ कसलं असतं, असं तिने विचारलं. जोसेफ म्हणाला, "अमेरिकन." आणि सगळा वर्ग हसला. पाहुणेही हसले.

झालं होतं ते असं. वॉर्डात दोन थर्मामीटर होते आणि त्यातला एक अमेरिकेतून देणगी म्हणून आलेला. तो रात्रपाळीला वापरत आणि तो फॅरनहाइटमध्ये तापमान दाखवत असे. आकडे संगणकात भरणाऱ्याने दोन्ही एकत्र भरले होते. हे बाहेर पडलं आणि गेले कित्येक आठवडे मान हलवत बसलेली मंडळी एकदम बोलायला लागली. आमच्याकडे वजनकाटे दोन प्रकारचे आहेत. आमच्याकडे वय कधी महिन्यांत लिहितात, कधी वर्षांत. प्रत्येकाकडे असं काही ना काही होतं, आणि प्रत्येकाला इतके दिवस वाटत होतं, की आपल्याच इस्पितळाची ही लाज आहे. चिकोंडीने सगळ्यांना बोलू दिलं, मग आकडे दुरुस्त करून घेतले आणि तास पुढे नेला. जन्मल्याबरोबर आंघोळ घातलेली बाळं जास्त गार पडत होती, असं तिच्या नोंदींवरून दिसत होतं. पण एवढ्यावरून ठाम बोलायचं नाही, आधी पुन्हा तपासायचं, हेही तिनेच सांगितलं.

तास संपल्यावर पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी तिला विचारलं, की परत गेल्यावर आधी कोणाला शिकवणार. ती म्हणाली, "रात्रपाळीच्या नर्सना."

मार्चच्या शेवटी मी निघाले तेव्हा बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल झाला होता आणि सूर्य बघून पोरं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होती. परतीच्या विमानात मी विचार करत होते, की इतक्या लांब जाऊन मी नेमकं काय शिकवलं. फार काही नाही. माणसं आपलं सगळं बरोबर घेऊनच आली होती. त्यांना ते मांडायला जागा हवी होती, आणि चुकायला थोडा वेळ.

पुढच्या वर्गासाठी ब्लँटायरचं नाव नक्की झाल्याचं डेव्हिडने कळवलं. त्यानंतर काही महिन्यांनी, पुण्यात एका दुपारी चिकोंडीचा फोन आला. तिचा वर्ग सुरू झाला होता. एका नर्सने असा प्रश्न विचारला होता, की तिला काही उत्तर देता आलं नाही. मी लगेच पेन्सिल शोधली, पाठकोरा कागद ओढला आणि सांग म्हटलं. त्यावर ती म्हणाली, की तसं नाही, उत्तर काल रात्री तिचं तिलाच सापडलं. जोसेफकडून तिने ते तपासूनही घेतलं. तिला ते फक्त मला सांगायचं होतं. तिने सांगितलं आणि ते बरोबर होतं. मी आणखी काही विचारणार, एवढ्यात मागून वर्गातल्या नर्सनी तिला हाक मारली.

"प्रोफेसर, त्या खोळंबल्यात, मी ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कोणाचा फोन होता, असं आमच्या ह्यांनी आतून विचारलं. मी म्हटलं, ब्लँटायरच्या एक शिक्षिका आहेत, त्यांचा.