मामाची पाचर

आमच्या चामटोलीच्या मामाचा डावा हात कुणी नीट पाहिलेला नव्हता. लग्न असो की बारसं, त्या हातावर कायम पंचा टाकलेला. फोटोवाला म्हणाला, "काका, तो पंचा जरा बाजूला घ्या ना," की मामा रांगेतून उठून सरळ मांडवाबाहेर जायचा.

त्या हाताची तीन बोटं गेली होती. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वैरण कापताना गेली." गोठ्यात म्हैस एक, आणि वैरण कापायचं यंत्र मी तरी तिथे कधी पाहिलं नव्हतं. पण मामा खोटं बोलेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा कापायची प्रेस चालवायचा. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण तसं केलं तर माल कमी निघतो. मग मामाने शक्कल काढली. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. नवा माणूस आला की मामाच त्याला हौसेने पाचर तासून द्यायचा. "दोन हात बटणावर ठेवून काय पूजा करायची हाय?" म्हणायचा. शेठ बघून हसायचा. मेलं ते शहाणपण!

एक दिवस त्याच प्रेसने मामाची बोटं घेतली. शेठने त्याला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलंच नाही; तिथे अपघाताची नोंद झाली असती. उल्हासनगरला एका खाजगी डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत बजावलं, "घरी लागलं म्हण. नाहीतर कंपनीला टाळं लागेल." मामा कबूल झाला, पण शेठच्या धाकाने नाही. कित्येक वर्षांनी आईपुढे मान खाली घालून म्हणाला, "ताई, मीच सगळ्यांना शिकवलेली पाचर. कुठल्या तोंडानं सांगू?" अपघाताची नोंद झाली नाही, म्हणून विम्याची पेन्शन मिळाली नाही. मामा गेटवर वॉचमन झाला आणि प्रेस पाचरीसकट चालू राहिली.

पुढे तिनेच बदलापूरच्या सुदामची चार बोटं तोडली. त्याला प्रेस शिकवली होती मामानेच. शेठने त्यालाही तेच पढवलं, पण सुदाम बधेना. साक्षीला मात्र कोणी उभं राहीना. तेव्हा मामा आमच्याकडे आला. त्याचं ऐकून मी युनियनच्या ऑफिसात विचारून आले. म्हटलं, "मामा, पाचर होती म्हणून हक्क बुडत नाही. काम करताना लागलं, हे दिसायला हवं. तुझाही पेन्शनचा अर्ज करू."

"माझं ऱ्हाऊ दे, बाय," म्हणाला. "पोराचं बघू."

कारखान्याची तपासणी करायला सरकारी साहेब आले, तेव्हा मामाने सगळ्यांसमोर पंचा काढला. "ही बोटं पण हिनंच घेतली, साहेब. पाचर माझी. शेठला सगळं ठाऊक होतं." दुसऱ्या दिवशी गेटवरची नोकरी गेली. सुदामची पेन्शन मंजूर झाली.

मामा मला घेऊन त्याला भेटायला गेला. सुदाम दारातच उभा राहिला. "काका, तुम्ही बोललात, उपकार झाले. पण तुमचं झालं तेव्हाच बोलला असतात, तर माझा हात आज धड असता."

माझं डोकंच फिरलं. परत येताना रिक्षात मी तणतणले, "नोकरी घालवलीस त्याच्यासाठी, आणि हा असं बोलतो! उद्याच्या उद्या तुझा अर्ज टाकू."

"खरं तेच बोलला तो, बाय," मामा म्हणाला. "माझी तीन मी घालवली. त्याची चार पण मीच. आता वर पेन्शन खाऊ होय?"

मी भांडले, रडले, आईला मध्ये घातलं. मामा वारला, पण अखेरपर्यंत त्याने अर्ज केला नाही.