दार न वाजवणारी आत्या

हॉस्पिटलात आया म्हणून जन्म काढलेल्या बाईला दार वाजवायची सवय कुठून असणार? आत म्हातारा खाटेवरून घसरतोय आणि ही बाहेर टकटक करत उभी, असं चालतं का! आत्याला दार दिसलं की तिने ते ढकललंच. वॉर्डात सगळे तिला 'वारा' म्हणायचे. नोकरी संपल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली, तशी ती ढकलाढकलही बरोबर आली. भाऊ न्हाणीघरात जरा जास्त वेळ रमला तर कडी हलवून विचारायची, "पडलास काय रे?"

भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. बायको वारलेली, पोरगी एकच. तिला परदेशात जाऊन मॅनेजमेंट शिकायचं होतं आणि त्याला परीक्षा लागतात दोन. एक इंग्रजीची : ऐका, वाचा, लिहा आणि समोरच्याशी बोला. दुसरी बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची : गणितं, आकड्यांचे तक्ते, उताऱ्यातली खोच. इंग्रजीच्या क्लासातल्या सरांनी बजावलं होतं, मनातल्या मनात विचार करू नकोस, तोंडाने कर. चालताना बोल, भांडी घासताना बोल. मग परीक्षक म्हणून पोरीने आत्यालाच समोर बसवलं. एक अक्षर कळत नसताना आत्या मोठ्या डॉक्टरासारखी मान डोलवायची आणि शेवटी म्हणायची, "सुधारणा आहे. उद्या घरी सोडू."

इंग्रजीत चांगले गुण पडले. दुसरी परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर द्यायची ठरली. पोरीने नियम समजावले : खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर चिटोरं नको, कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या आणि संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुठेतरी बसलेला माणूस सगळं बघत असतो, ऐकत असतो.

"म्हणजे एक परीक्षा बोलता येतं का बघायला," आत्या म्हणाली, "आणि दुसरी गप्प बसता येतं का बघायला. सासरच की गं हे!"

त्या दिवशी भावाने हातोड्याला हात लावला नाही. आत्या दारापासून लांब, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. मग आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हुंदका. आत्याचे हात तिचं ऐकेनात. दार ढकलून ती आत.

पोरगी तोंडावर हात दाबून उभी होती. स्क्रीनवर परीक्षा रद्द झाल्याची पाटी. मागून भाऊ धावत आला. त्याने पाटी बघितली, बहीण बघितली आणि तो भडकला.

"मी सकाळपासून खिळा ठोकला नाही आणि तुला एक दार आवरलं नाही? ताई, वॉर्ड आहे का हा?"

खरी गोष्ट अशी की ती पाटी आत्या येण्याआधीच लागलेली होती. गणित मांडताना पोरीचे ओठ हलत होते, पुटपुटणं बाहेर पडत होतं. बघणाऱ्या माणसाने ताकीद दिली, पुन्हा दिली, शेवटी परीक्षाच बंद केली. इंग्रजीसाठी हाडीमाशी मुरवलेली सवय नको तिथे उपटली. हे सांगायला पोरीने तोंड उघडलंही. पण बाप आत्यावर ओरडत होता, तिच्याकडे बघतही नव्हता. ते तोंड पुन्हा मिटलं. भांडी घासताना बडबडणारी पोरगी नेमकी तेव्हा मूग गिळून बसली.

परीक्षा लगेच परत देता येत नव्हती. तोवर तिला हव्या असलेल्या कॉलेजच्या प्रवेशाच्या पहिल्या फेरीची मुदत निघून जाणार होती आणि त्या कॉलेजात शिष्यवृत्त्या पहिल्या फेरीतच वाटून संपायच्या. भावाने बहिणीशी बोलणं टाकलं. मीठसुद्धा पोरीमार्फत मागायचा.

आणि वारा पडला. आत्या स्वयंपाकघरात शिरतानाही चौकट वाजवू लागली. रिकाम्या खोलीचं दार वाजवून थांबायची. पोरीचा चहा उंबऱ्याबाहेर ठेवून "ठेवलाय गं" म्हणायची आणि निघून जायची. प्रत्येक टकटक पोरीच्या टाळक्यात बसायची. सांगावं, तर बाप परीक्षेचं नावच काढू देणार नाही. उद्या सांगू, परीक्षा झाली की सांगू, असं चाललेलं.

पुढची परीक्षा केंद्रावर होती. त्याआधी घरी सराव परीक्षा द्यायची ठरली, तेव्हा आत्या आपल्या खोलीत जाऊन खाटेवर बसली.

"बाहेरून कडी लाव," ती म्हणाली. "माझ्या हातांचा भरवसा नाही."

पोरीने कडीला हात घातला. कडी सरकेना, म्हणजे तिला सरकवेना.

"आत्या, तू आलीस तेव्हा सगळं संपलं होतं. मी पुटपुटले म्हणून बंद केली त्यांनी."

आत्याने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे इतके दिवस मी भिकाऱ्यासारखी दारं वाजवत फिरले आणि तू आत बसून ऐकत होतीस?"

"हो."

पाठीत असा धपाटा बसला की रडण्याआधी श्वासच गेला.

"आत्या, माफ कर—"

"माफीबिफी नंतर. जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असं होत नाही. त्याला जाऊन सांग."

"बाबा आता परीक्षेला बसूच देणार नाहीत."

"नाही देणार तर नाही. जा."

दुकानाचं दार लोटलेलं होतं. आत हातोडा चालू. पोरीने हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. टकटक केली, पण इतकी हळू की हातोड्यापुढे तिचं काय चालणार?

मागून, खाटेवरून न उठताच, आत्या ओरडली, "वाजवतेस काय? ढकल!"