नाताळच्या सुट्टीतलं दूध

पारशिवनीच्या स्टँडवर एसटीच्या टपावर माझी पत्र्याची पेटी चढवून बाबा खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "नागपुरात कोणाच्या घरी गेला त पहिले पाणी मांगजो. देते का नाही, अन् देते त कशात देते, ते पाह्यजो. मंग बाकीचं बोलजो." साल सहासष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. माय आलीच नाही, निंदण चालू होतं. गाडी सुटली आणि मला काहीच वाटलं नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे खोटं वाटेल. माझ्यासारखे जे निघाले, त्यांना नाही वाटणार.

बाबांच्या तरुणपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली ओंजळ धरून उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर प्यायचं. छप्पन साली मला खांद्यावर बसवून ते नागपूरला दीक्षा घ्यायला आले. तोवर मोहाची रोज घेणारा माणूस. त्या दिवशी शपथ घेतली, दारू पिणार नाही, आणि सुटली ती सुटलीच. खांद्यावर बसून मीही तेच शब्द म्हटले होते. सात वर्षांच्या पोराला काय कळतं म्हणा, पण म्हटले होते.

पुढे मी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन झालो, क्वार्टर मिळालं, नलिनीशी लग्न झालं. कचेरीतली माणसं वाईट नव्हती. टेबलाला टेबल लागून सहा वर्षं काढली, चेष्टामस्करी केली. पण बुद्धपौर्णिमेच्या खिरीला बोलावलं की कोणाचा उपास, मुलीच्या बारशाला बोलावलं की कोणाची सासू आजारी. सहा वर्षांत एकही जण उंबरठा ओलांडून आत आला नाही. मी मनावर घेतलं नाही. म्हणजे तसं म्हणत राहिलो.

मग एकदा धंतोलीत मुलीचा कान दाखवायला नलिनी गेली. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत एक जुनं इंग्रजी मासिक चाळत बसली. त्यात नाताळच्या पाहुण्यांसाठी एक पेय होतं. दूध, व्हॅनिला आइस्क्रीम, पिकली केळी, कंडेन्स्ड मिल्क, रम आणि बर्फ. सगळं मिक्सरमध्ये टाकायचं, फिरवायचं, झालं. "एवढं सोपं, अन् पानभर लिहिलं आहे," म्हणून ती हसली. मी ते कचेरीत गंमत म्हणून सांगितलं. हेडक्लार्कांनी हातातला कप खाली ठेवला. "अरे, मग कर ना. पंचवीसला सुट्टीच आहे. आम्ही येतो." पाच जण निघाले. खिरीला न आलेले पाचही.

मी स्वतः पिणार नाही, फक्त मिक्सर फिरवणार, अशी मी मनाची समजूत घातली. बुद्धाचा फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. भिंतीवर फोटोच्या जागी उजळ चौकोन दिसत होता, त्यावर नलिनीने कॅलेंडर लावलं.

सकाळी सायकलवर बर्फाची लादी आणली, पोत्यात भुशात गुंडाळून. वरवंट्याने फोडली. मिक्सर नलिनीला लग्नात आलेला. भांडं अर्धंच भरायचं असतं, हे पहिल्या खेपेला भिंत पांढरी झाल्यावर कळलं. दोन केळी, एक वाटी दूध, आइस्क्रीमची अर्धी वडी, चार चमचे डब्यातलं दूध, वाटीभर रम, मूठभर बर्फ. वरून जायफळ किसायचं. चव बघायला घरात कोणी नाही. जमलं की बिघडलं, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी मात्र दोनदा, तीनदा मागून घेतलं. "वा, वहिनी!" झालं. दुपारचे तीन वाजले होते. घर भरलं होतं आणि मला पुन्हा काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात बाबा आले. न सांगता, खांद्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. दारातच थांबले. कचेरीतले पाच साहेबलोक माझ्या खुर्च्यांवर बसून माझ्या ग्लासातून पांढरं काही पीत होते.

"दूध पेऊन राह्यले काय गा?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"आपल्या घरचं?"

"हो."

बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि नुसते बघत राहिले. त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मग हेडक्लार्क रंगात येऊन उठले, एक ग्लास भरला आणि स्वतःच्या हाताने बाबांना दिला. "घ्या ना बाबा, तुमच्याच घरचं आहे." मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. दोन पावलांवर. नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

बाबांनी मोठा घोट घेतला. घोट तोंडातच थांबला. बावीस वर्षं झाली असली तरी ती चव विसरतो का माणूस? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गिळलं. पाहुण्यांसमोर थुंकायचं कसं, म्हणून गिळलं.

ग्लास त्यांनी स्टुलाखाली ठेवला, आत गेले, माठातून पाच ग्लास पाणी भरलं आणि ट्रे घेऊन स्वतः बाहेर आले. "पाणी घ्या साहेब."

"नको बाबा, आत्ताच तर घेतलं." "पोट गच्च झालं." "थंडीचे दिवस, तहान कुठली." एकाने घड्याळ पाहिलं. पाचही ग्लास भरलेले परत आले. त्यातला एक घेऊन बाबांनी मोरीत चूळ भरली, कितीतरी वेळ.

संध्याकाळच्या गाडीने ते परत निघाले, राहिले नाहीत. स्टँडवर मी माफी मागायचं ठरवलं होतं. दारूबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "वसंता, तू त्यायले पहिले पाणी काहून नाही देल्लं?"

उत्तर मला माहीत होतं. पाणी दिलं असतं तर कळलं असतं.

घरी आल्यावर मी फोटो परत भिंतीवर लावला आणि पहिल्यांदा रडलो. नलिनीने ट्रेमधलं पाणी दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. तेव्हापासून तिने रीतच केली. कोणीही येवो, पहिले पाणी नेते. कोणी पितात, कोणी नुसता ग्लासाला हात लावतात. आमचा मोगरा बारा महिने हिरवा असतो.

मिक्सरमध्ये आता शेंगदाण्याची चटणी होते. बाबा थकले आहेत, वर्षातून एकदा येतात. जिन्यातूनच ओरडतात, "नलू, पाणी दे वं!" दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मग उंबऱ्यावर उभे राहून, मान वर करून, घटाघटा पितात. तो ग्लास रिकामा होईपर्यंत हे क्वार्टर माझं घर असतं.