पिंड परत ठेवा

‘काकू, पिंड परत ठेवाल का? आमचा शॉट हुकला.’

रामकुंडावर, माझ्या वडिलांच्या दहाव्याला, एक शिकलासवरलेला माणूस माझ्या आईला हे म्हणाला. आवाज मऊ होता. बूटही त्याने लांब काढून ठेवले होते. अपमान करणारा माणूस ओरडतोच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

वडील इगतपुरीला टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मशीनवर रिळं चढवायची, लोकांना सिनेमा दाखवायचा, हेच आयुष्यभर. टॉकीज बंद पडली तरी रिळांचे रिकामे डबे त्यांनी पलंगाखाली जपून ठेवले होते. त्यावरून आईची आणि त्यांची रोज जुंपायची. हा दिग्दर्शक त्यांच्यावर माहितीपट करायला आला. आमच्या घरी जेवला, झोपला. वडील हरखून गेले होते. आपल्यावर सिनेमा! शूटिंग चालू असतानाच ते गेले. हार्ट अटॅक. शूटिंग थांबलं नाही.

दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरकलो, तोच कावळा आला. शिवला. भात घेतला आणि उडाला. मी पाहिलं. काकांनी पाहिलं. बायका आईला म्हणाल्या, ‘शिवला गं बाई, माणूस सुटलं.’ आई पदरात तोंड घालून रडत होती, तिने पाहिलं नाही. कॅमेऱ्यानेही नाही. त्यांची बॅटरी बदलणं चाललं होतं.

मग त्याचं ते वाक्य.

गुरुजी म्हणाले, ‘एकदा शिवल्यावर परत ठेवत नाहीत हो.’ पण काकांना भीड पडली. ‘पोरगं घरातलंच हाय. दादाचाच शिनेमा हाय. ठिवू.’ चांगल्या कपड्यांतल्या माणसाला नाही म्हणायचं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पिंड परत ठेवला.

कावळा आला नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग मागे राहिलेल्यांनी वचनं द्यायची. ऊन चढलं. काकांनी वचन दिलं, मी दिलं. शेवटी आई हात जोडून पुढे झाली. कावळा आधी शिवून गेल्याचं ती विसरूनच गेली होती. ‘पोरीला एकटी पडू देणार नाय. तुमचे डबे भंगारात नाय घालणार. आता तरी या.’ तिचा आवाज फाटला. तरी नाहीच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आटोपलं. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक हळूच म्हणाला, ‘ब्युटिफुल.’

तेव्हापासून आईचं एकच. जेवताना, निजताना. ‘त्यांचं काय राह्यलं आसंल गं?’ मी सांगते, आधी शिवला होता. ती मान हलवते. पटत नाही तिला.

यंदा नाशिकला आशियाई सिनेमांचा महोत्सव भरला. त्यात हा माहितीपट लागला. दिग्दर्शकाचा फोन आला, ‘आईंना घेऊन ये, सत्कार आहे.’ आईला वाटलं, नवरा चालताबोलता दिसेल. त्यांच्या आवडीची मोरपंखी साडी नेसून ती आली. आम्ही पुढे बसलो, तर गळ्यात कार्ड घातलेली मुलगी म्हणाली, ‘मावशी, इथे डेलिगेट्स बसणारेत.’ ज्याच्यावर सिनेमा, त्याची बायको मागे खांबाआड बसली.

पडद्यावर वडील हसले. आईने माझा हात धरला. ‘बारीक दिसत्यात,’ म्हणाली. तेवढाच तिचा आनंद. मग घाट आला. पहिला पिंड नव्हताच, दुसराच होता. लांबलचक. केळीच्या पानावरचा भात, रिकामं आभाळ आणि हात जोडलेली आई. डब्यांच्या वचनाची इंग्रजी ओळ खाली उमटली आणि हॉल हसला. मोठ्याने नाही. कौतुकाने हसतात तसा. आई अंधारात खुर्चीत खाली खाली सरकत गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नंतर आम्हाला मंचावर बोलावलं. एक परदेशी पाहुणा म्हणाला, न येणारा कावळा हाच या सिनेमाचा प्राण आहे. दिग्दर्शक म्हणाला, ‘आम्ही फक्त वाट पाहिली. निसर्गाने नकार दिला.’ आईच्या खांद्यावर शाल घातली. कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला, तर यानेच बाजूला घेतला. ‘काकू भावुक झाल्यात.’

मी त्याच्या हातातून माइक ओढला. ‘कावळा आला होता. यांचा कॅमेरा बंद होता. यांनी आम्हाला पिंड परत ठेवायला लावला. हे खोटं आहे.’ आईच्या अंगावरची शाल काढून मी टेबलावर ठेवली.

मग टाळ्या. कडाडून. बापाच्या आठवणीने पोर पेटली, एवढंच त्यांना दिसलं. माझा नकारसुद्धा त्यांना आवडला.

बाहेर दिग्दर्शक म्हणाला, ‘सिनेमाचं सत्य वेगळं असतं. बाबांना हे कळलं असतं.’ माझ्या मेलेल्या बापाला त्याने स्वतःच्या बाजूने साक्षीला उभं केलं. आजवर मी त्याला सर म्हणत होते. तिथे एकेरीवर आले.

‘तो भाग काढ.’

‘अगं, तोच तर सिनेमा आहे.’

एसटीत आई खिडकीशी बसली. घोटी मागे पडल्यावर म्हणाली, ‘खरंच शिवला व्हता का गं? का माझं मन राखायला म्हनतीस? पडद्यावर तर नव्हता.’

मी तिची पोटची पोर. माझ्या डोळ्यांपेक्षा तिला आता त्याचा पडदा खरा वाटतो. हे दुःख कसं निस्तरायचं, मला माहीत नाही. ती या घोरातच जाईल, असं वाटतं.

पण त्याला मी सोडणार नाही. पुढचा शो पुण्यात आहे. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, तिथे रजा टाकली आहे. त्यानंतर जिथे लागेल तिथेही जाईन. दिवे लागले की उभी राहीन आणि काय झालं होतं ते सांगेन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर त्या संपेपर्यंत उभी राहीन आणि परत सांगेन.